पाण्याची गोळी घेताना या चुका टाळा

"पाण्याची गोळी द्या, आईचे पाय सुजलेत." गिरगावात औषधांच्या काउंटरमागे उभं राहिलं की हे वाक्य सारखं कानावर पडतं. चिठ्ठी नसते, गोळी किती मिलिग्रॅमची ते माहीत नसतं. शेजारच्या काकांना हीच गोळी लागू पडली, एवढाच आधार. पाण्याची गोळी, लघवीची गोळी, सुजेची गोळी अशी नावं काहीही असोत, त्यामागे निरनिराळी औषधं आहेत आणि एकाच्या जागी दुसरं चालत नाही. एक फार्मासिस्ट म्हणून मला या गोळ्यांची फार काळजी वाटते. त्या स्वस्त आहेत, ओळखीच्या आहेत, आणि म्हणूनच घरोघरी त्यांचा डोस डॉक्टरांना न विचारता घोट्याची सूज बघून ठरतो.

आधी गोळ्या ओळखून घ्या. या गोळ्या मूत्रपिंडाला जास्त सोडियम, म्हणजे मीठ, बाहेर टाकायला लावतात आणि मिठामागोमाग पाणी जातं. फ्युरोसेमाइड (लॅसिक्स) आणि टॉर्सेमाइड (डायटॉर) या जोरकस गोळ्या हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारात साठलेलं पाणी काढायला देतात. हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या सौम्य पण लांब पल्ल्याच्या गोळ्या मुख्यतः ब्लड प्रेशरसाठी असतात. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डॅक्टोन) तिसऱ्या जातीची. ती सोडियम घालवते, पण पोटॅशियम अंगात राखून ठेवते. जुनी आणि स्वस्त म्हणून क्लोरथॅलिडोनला कमी लेखू नका. अमेरिकेतल्या 'ऑलहॅट' या ३३,००० हून अधिक रुग्णांवरच्या अभ्यासाने २००२ साली दाखवलं की ब्लड प्रेशरच्या उपचाराची सुरुवात करायला ती महागड्या नव्या गोळ्यांपेक्षा कमी पडत नाही. औषध चांगलंच आहे. घोळ होतो तो घेण्याच्या पद्धतीत.

सूज दिसली की गोळी

पाय सुजण्याची कारणं डझनभर. त्यातलं एक कारण घरात कुणाच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे ब्लड प्रेशरचीच दुसरी गोळी, अ‍ॅम्लोडिपिन. ती बारीक रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे त्यातलं पाणी झिरपून घोट्यापाशी उतरतं. अशा वेळी अंगात पाणी जास्त झालेलंच नसतं. वरून पाण्याची गोळी घेतली तर सूज फारशी हलत नाही, मात्र रक्तातलं पाणी आणि क्षार कमी होतात, चक्कर येते, मग चक्करेसाठी तिसरी गोळी सुरू होते. हे चक्र मी डोळ्यांसमोर सुरू होताना पाहतो. उपाय साधा असतो: डॉक्टर अ‍ॅम्लोडिपिनचा डोस कमी करतात, गोळी बदलतात किंवा सोबत दुसरी देतात. मज्जातंतूंच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन, मधुमेहाची पायोग्लिटाझोन, स्टेरॉइड आणि अंगदुखीच्या गोळ्या यांनीही पाय सुजतात. म्हणून डॉक्टरांना सूज दाखवताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा.

एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर पाण्याच्या गोळीचा विचारसुद्धा करू नका. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. गरोदरपणात चेहरा-हात सुजले तर तेही थेट डॉक्टरांकडे. आणि बारा-बारा तास उभ्याने ड्युटी करणाऱ्या वॉचमनदादांच्या पायाला संध्याकाळी येणारी सूज बऱ्याचदा शिरांची असते. पाय उंच ठेवणं, चालणं, डॉक्टरांनी सांगितलेले घट्ट मोजे यांचा तिथे जास्त उपयोग होतो.

लोकल गाठायची म्हणून गोळी बुडवणं

ही खास मुंबईची चूक, आणि तिच्यात मला माणसांचा दोष दिसत नाही. विरारहून चर्चगेटला यायला दीड तास, बदलापूरहून सीएसएमटीलाही तेवढाच. लोकलमध्ये शौचालय नाही आणि गर्दीतून मधल्या स्टेशनवर उतरलं तर पुन्हा चढायचे वांधे. बायकांचे हाल तर विचारू नका. मग सोमवार ते शनिवार गोळी बंद, रविवारी सुरू. काही जणी त्यावर आणखी पाणीही पीत नाहीत.

फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइडचा परिणाम साधारण तासाभरात सुरू होतो, पहिल्या दोन-तीन तासांत जोर असतो आणि सहा-आठ तासांत ओसरतो. हे कळलं की वेळ बसवता येते. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की मी अमुक वाजता निघते, अमुक वाजता पोचते. पहाटे उठल्या उठल्या घेऊन घरीच जोर ओसरू देणं किंवा ऑफिसात पोचल्यावर घेणं, यातलं एक बहुतेकांना जमतं. ब्लड प्रेशरची क्लोरथॅलिडोन असेल तर भीती बरीचशी अनाठायी आहे. तिचा परिणाम दोन-दोन दिवस संथपणे चालतो आणि काही आठवड्यांनी लघवीतला फरक जाणवेनासा होतो. पण आपल्याला कोणती गोळी आहे हेच ठाऊक नसल्यामुळे अशी माणसंही ती बुडवतात.

उलटी चूक म्हणजे 'दिवसा त्रास नको' म्हणून गोळी रात्री घेणं. चाळीत संडास गॅलरीच्या टोकाला असतो. सत्तरीच्या आजी झोपेतून दचकून उठतात, तडक चालू लागतात, प्रेशर खाली येतं, अंधारात उंबऱ्याला पाय अडखळतो आणि खुब्याचं हाड मोडतं. दिवसातून दोनदा गोळी असेल तर दुसरी शक्यतो दुपारी चारच्या आत घ्या. उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसा, मग उभे राहा. रोजच चक्कर येत असेल तर बसून आणि उभं राहून असं दोन्ही वेळा प्रेशर मोजून घ्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर डॉक्टरांना सांगायलाच हवं.

गुडघ्याची गोळी सोबत घेणं

मला एकच इशारा द्यायची मुभा असती तर मी हा दिला असता. डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, इटोरिकॉक्सिब या दुखण्याच्या गोळ्या घरात चॉकलेटसारख्या पडलेल्या असतात. आता समजा काकूंना ब्लड प्रेशरसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल आहे आणि जोडीला पाण्याची गोळी. पाण्याच्या गोळीने रक्तातलं पाणी मुळातच कमी केलेलं असतं. टेल्मिसार्टन मूत्रपिंडाच्या गाळणीतून बाहेर जाणारी वाट रुंद करते. दुखण्याची गोळी आत येणारी वाट अरुंद करते. तिन्ही एकत्र आल्या की गाळणीतला दाब पडतो आणि मूत्रपिंड काही दिवसांत बसू शकतं. वय जास्त असेल, मधुमेह असेल, त्यात जुलाब लागले असतील तर धोका कितीतरी वाढतो. शिवाय या गोळ्या अंगात मीठ धरून ठेवतात, त्यामुळे सूज वाढते, प्रेशर वाढतं आणि पाण्याची गोळी लागू पडत नाही असं वाटून लोक तिचा डोस वाढवतात. गुडघे दुखत असतील तर ठरलेल्या मर्यादेत पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. पुढचं औषध डॉक्टरांना विचारून. काउंटरवर 'कंबरदुखीचं काहीतरी द्या' म्हणताना 'मला पाण्याची गोळी चालू आहे' हेही सांगत जा, आमचं निम्मं काम तिथेच होतं.

पाकिटावरचं शेपूट न वाचणं

टेल्मिसार्टनच्या नावापुढे 'एच' असेल तर आत हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे, 'सीटी' असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन. म्हणजे पाण्याची गोळी तुम्ही आधीच घेत आहात. दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळी लिहून दिली तर दोन-दोन होतात. डायटॉर आणि डायटॉर प्लस यांत नुसता ताकदीचा फरक नाही, 'प्लस'मध्ये स्पायरोनोलॅक्टोनही आहे. लॅसिलॅक्टोनचंही तसंच. जेनेरिक दुकानातून घेताना ब्रँडऐवजी घटकाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळवा. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनीही लघवी वाढते, म्हणून यादी सांगताना त्या वगळू नका. पुनर्नवा, गोखरू यांचा काढा चालू असेल तर तोही सांगा. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळत असाल तर थांबवा. ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं आणि प्रेशर चढतं, दोन्ही नको तेच.

जुलाब, ताप आणि निर्जळी उपास

पावसाळ्यात मुंबईत पोट बिघडण्याची साथ ठरलेली. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी जात असताना पाण्याची गोळी नेमाने चालू ठेवणं धोक्याचं आहे. पण हृदयाच्या रुग्णाने ती स्वतःच्या मनाने बंद करणंही तितकंच धोक्याचं. म्हणून बरे असतानाच, पुढच्या भेटीत, डॉक्टरांना विचारून लिहून घ्या: जुलाब लागले तर कोणती गोळी थांबवायची, कधी फोन करायचा, पुन्हा कधी सुरू करायची. ओआरएस किती प्यायचं तेही विचारा. त्यात सोडियम-पोटॅशियम दोन्ही असतं, त्यामुळे हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णाचं प्रमाण वेगळं असू शकतं.

हरतालिकेचा निर्जळी उपास या गोळ्यांवर असताना करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या घामातही हीच सावधगिरी.

रक्त न तपासता वर्षानुवर्षं तीच चिठ्ठी

गोळी सुरू करण्याआधी, सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांनी, आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चाललंय ते यावरून कळतं), सोडियम आणि पोटॅशियम तपासायला हवं. महापालिकेच्या 'आपला दवाखाना' केंद्रांमध्ये रक्ततपासणी मोफत होते, पैशांअभावी ती टाळू नका.

ब्लड प्रेशरच्या पाण्याच्या गोळीने सोडियम उतरतं, विशेषतः वयस्क, सडपातळ बायकांमध्ये आणि पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच. लक्षणं फसवी असतात. आजी जेवण टाकतात, मळमळ सांगतात, चालताना झोकांड्या जातात, मग नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागतात. घरचे म्हणतात, वय झालं. हे वयाचं मानून बसू नका, त्याच दिवशी रक्त तपासा. आणि 'भरपूर पाणी पाजा' हा सल्ला इथे उलटा पडू शकतो, सोडियम आणखी पातळ होतं. पाणी किती प्यायचं हे हृदयाच्या रुग्णाला डॉक्टर मोजून सांगतात, बाकीच्यांनी तहानेप्रमाणे प्यावं.

पोटॅशियम दोन्हीकडे बिघडतं, कधी उतरतं तर कधी चढतं. लॅसिक्स किंवा क्लोरथॅलिडोनवर ते उतरलं की पायात गोळे येतात, गळून गेल्यासारखं होतं, छातीत धडधडतं. सोबत हृदयासाठीचं डिगॉक्सिन हे औषध चालू असेल तर ते विषारी ठरू शकतं. स्पायरोनोलॅक्टोनवर मात्र पोटॅशियम चढतं आणि फारसं काही न जाणवता हृदयाचे ठोके बिघडवतं. त्यामुळे एकाला डॉक्टरांनी सांगितलेलं शहाळं दुसऱ्याला घातक. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम क्लोराइड असतं, ते स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टनवर असलेल्यांनी विचारल्याशिवाय वापरू नये.

पायाच्या अंगठ्याचा सांधा अचानक लाल होऊन ठणकला तर युरिक अ‍ॅसिड तपासा, या गोळ्यांनी ते वाढतं.

मीठ तसंच, गोळी वाढवलेली

जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, तेही सगळ्या खाण्यातलं मिळून. पापड, लोणचं, सुकट, फरसाण, वडापावची सुकी चटणी यांत ते कधीच ओलांडलं जातं. सैंधवही सोडियमच आहे. अ‍ॅसिडिटीसाठी रोज ईनो घेणाऱ्यांनी त्यातलं सोडियमही धरावं.

हृदयाचा आजार असेल तर वजनाची नोंद ठेवा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. कालनिर्णयच्या ज्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहिता तिथेच आकडा टाका. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं तर सूज दिसायची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करा. भराभर उतरत असेल आणि जीभ कोरडी, चक्कर असं असेल तरीही फोन करा.

बारीक दिसण्यासाठी ही गोळी घेणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन: काट्यावर उतरतं ते पाणी, चरबी नव्हे. क्रिकेटपटू शेन वॉर्नने आईने दिलेली अशी गोळी घेतल्याचं सांगितलं होतं. खेळाडूंना ही गोळी निषिद्ध आहे. २००३ चा विश्वचषक हुकला आणि वर्षाची बंदी आली. त्याची कारकीर्द तरी नंतर सावरली. पोटॅशियम उतरून हृदयाचे ठोके बिघडले तर सावरायला वेळ मिळेलच असं नाही.

एखादा डोस चुकला तर त्याच सकाळी आठवल्यास घ्या. संध्याकाळ झाली असेल तर सोडून द्या, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. आडवं झाल्यावर दम लागणं, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, ठोके अनियमित होणं, बोलण्यात असंबद्धपणा येणं, दिवसभर लघवीच न होणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करा. निघताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि वजनाची नोंद पिशवीत टाका.