नेपल्सला जाताय? मग निदान या चुका तरी करू नका

शिकायला म्हणून मी इटलीतल्या नेपल्समध्ये राहत होते तेव्हा घरी पाहुण्यांची सतत ये-जा असे. बहुतेकांचा बेत एकच. सकाळी रोमहून निघायचं, व्हेसुव्हियस ज्वालामुखी चढायचा, त्याच्या राखेखाली गाडलं गेलेलं प्राचीन रोमन नगर पॉम्पेई बघायचं, पिझ्झा खायचा आणि रात्री रोमला परत. आजही कुणी सल्ला विचारायला फोन केला की हाच बेत ऐकवतात, आणि मी दर वेळी तितक्याच कळकळीने नको म्हणते.

कागदावर तो छान बसतो. रोमहून वेगवान गाडीने नेपल्स सव्वा तासावर आणि तिथून लोकलने पॉम्पेई पाऊण तासाच्या आत. माझे मामा-मामी असेच आले होते, तेही जुलैत. आधी ज्वालामुखी बघू, असा मामाचा आग्रह. एर्कोलानो स्टेशनवरून बसने वर गेलो. विवराचं तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं आणि त्यावर वेळ ठरलेली असते. मला वाटलं मामाने काढलं असेल, त्याला वाटलं मी काढलं असेल. फाटकापाशी मोबाइलला धड रेंज नव्हती. मोठ्या मुश्किलीने पान उघडलं, तर त्या दिवसाच्या सगळ्या वेळा भरलेल्या. तसेच खाली उतरलो.

पॉम्पेईला पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. ते नगर 66 हेक्टरवर पसरलंय आणि त्यातला दोन तृतीयांश भाग उकरून झालाय. छपरं नाहीत, झाडं मोजकी आणि रस्ते काळ्या ज्वालामुखी दगडाचे, तव्यासारखे तापलेले. तासाभरात मामीला भोवळ आली. एका भिंतीच्या आडोशाला तिला बसवलं, कारंज्याच्या पाण्याने ओढणी भिजवून डोक्यावर ठेवली. चार वाजता निघावं लागलं, कारण परतीच्या गाडीची वेळ ठरलेली होती. भारतातून इतक्या लांब आलेल्या मामाने पॉम्पेईतला फोरम, म्हणजे नगराचा मुख्य चौक, आणि एक स्नानगृह पाहिलं, बस्स.

म्हणून माझं सांगणं असतं, नेपल्समध्ये तीन रात्री राहा. पॉम्पेईसाठी एक अख्खी सकाळ द्या आणि नऊला फाटक उघडताना दारात हजर असा. विवराचं तिकीट मी हवामानाचा अंदाज बघून दोन-तीन दिवस आधी काढते, तेही सकाळच्या पहिल्या वेळांपैकी. ढग असले तर वर जाऊन ना विवर दिसतं, ना खाली उपसागर. फाटकापासून विवरापर्यंत अर्ध्या तासाची चढण आहे आणि वाट भुसभुशीत राखेची, त्यामुळे चपला नकोत.

दुसरी चूक मला पहिलीहून जास्त लागते. पुरातत्त्व संग्रहालय न बघताच लोक पॉम्पेईला जातात, आणि “नुसत्या भिंतीच तर आहेत” म्हणत परत येतात. भिंतींवरची उत्तमोत्तम चित्रं, मोझेक (रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं), भांडीकुंडी यांचा मोठा वाटा नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॉम्पेईतल्या ‘हाउस ऑफ द फॉन’ या वाड्यात अलेक्झांडर आणि इराणचा राजा दरायस यांच्या लढाईचं मोझेक जमिनीवर दिसतं, ती प्रतिकृती. दहा लाखांहून जास्त तुकड्यांचं मूळ मोझेक 1843 साली नेपल्सला हलवलं. आधी संग्रहालय बघितलं की पॉम्पेईच्या रिकाम्या खोल्यांत मनातल्या मनात ती चित्रं परत टांगता येतात. मामी पुढच्या वर्षी पुन्हा आली तेव्हा मी तिला थेट संग्रहालयात नेलं. तिथे स्टॅबिई या पॉम्पेईजवळच्या प्राचीन गावातल्या एका वाड्यातलं ‘फ्लोरा’चं लहानसं चित्र आहे. हिरव्या पार्श्वभूमीवर पाठमोरी चालणारी, जाता जाता फूल खुडणारी बाई. मामी त्याच्यासमोरून हलेना. संग्रहालय मंगळवारी बंद असतं आणि नेपल्समधलं सान्सेव्हेरोचं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, तेही मंगळवारीच. त्यामुळे मंगळवार नेपल्स शहरासाठी ठेवू नका, पॉम्पेईला द्या. चॅपेलमधला, शिल्पकार सानमार्तिनोने 1753 मध्ये संगमरवरात घडवलेला झिरझिरीत वस्त्राखालचा ख्रिस्त बघायचा असेल, तर तिकीट बरंच आधी काढा.

आता बाकीच्या चुका. पॉम्पेई नावाची स्टेशनं एकाहून जास्त आहेत. सोरेंतोच्या गाडीत बसून ‘पॉम्पेई स्कावी, व्हिला देई मिस्तेरी’ला उतरा, समोरच फाटक आहे. 2024 च्या नोव्हेंबरपासून तिथे दिवसाला 20,000 माणसांचीच मर्यादा आहे आणि तिकिटावर नाव असतं, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा. 30 बाय 30 बाय 15 सेंटिमीटरहून मोठी बॅग आत नेता येत नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रवेश फुकट असतो, पण तिकिटाचे पैसे वाचवायला त्या गर्दीत जाऊ नका. ‘दोन तासांत संपूर्ण पॉम्पेई’ असं कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. लोकलमध्ये सॅक पोटावर घ्या, मुंबईकरांना हे सांगायला नको.

ज्यांचे गुडघे दुखतात किंवा बरोबर लहान मुलं आहेत, त्यांनी पॉम्पेईचा हट्ट सोडून हर्क्युलेनियम या तसंच गाडलं गेलेल्या लहान गावाला जावं. एर्कोलानो स्टेशनवरून उतारावर दहा-बारा मिनिटं चालायचं. गाव आटोपशीर आहे, ठिकठिकाणी दुमजली घरं उभी आहेत. सन 79 मधल्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात ते वीसेक मीटर खोल गाडलं गेलं. प्रचंड उष्ण लोटात लाकडाचा कोळसा झाला, म्हणून तुळया, दारं, पलंग टिकले. सांगाडे फारसे सापडत नव्हते, त्यामुळे बहुतेक लोक निसटले असावेत असं पुष्कळ वर्षं मानत. मग 1980 च्या दशकात जुन्या किनाऱ्यावरच्या होड्यांच्या कमानीदार कोठारांत सुमारे तीनशे सांगाडे मिळाले. त्या कमानींसमोर पोहोचलात की सेल्फीचा फोन खिशात ठेवा.

आणि खाणं. शाकाहारी मंडळींनी तळलेला पिझ्झा न विचारता घेऊ नये, आतल्या सारणात बहुधा डुकराच्या चरबीचे तुकडे असतात. मारिनारा घ्या. टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, तेल, एवढंच असतं त्यात.