ओक्लाहोमा स्टेटचा सर्वांत मोठा पैलवान कोण? हा वाद नीट कसा घालावा

अमेरिकेच्या कॉलेज कुस्तीत ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडे 34 सांघिक विजेतेपदं आहेत. पहिलं 1928 चं, 34 वं 2006 चं. तीन-तीनदा राष्ट्रीय विजेते झालेले मल्लच या संघात इतके आहेत की ‘सर्वांत मोठा कोण’ हा विषय निघाला की रात्र सरते आणि निकाल लागत नाही. कारण साधं आहे: एक जण कॉलेजमधल्या कामगिरीबद्दल बोलत असतो, दुसरा ऑलिंपिकबद्दल, आणि तिसरा ‘दोघं समोरासमोर आले असते तर’ यात रमलेला असतो. म्हणून नावं घेण्याआधी प्रश्न ठरवा आणि कागदावर लिहून सगळ्यांसमोर ठेवा.

चालण्यासारखे प्रश्न दोनच. पहिला: ओक्लाहोमा स्टेटच्या सिंगलेटमध्ये (कुस्तीचा अंगाबरोबरचा पोशाख), म्हणजे तिच्याकडून खेळताना, कुणी सर्वांत मोठी कामगिरी केली? दुसरा: या कॉलेजातून बाहेर पडलेल्यांमध्ये एकूण कारकीर्द कुणाची सर्वांत मोठी? दोन्हींची उत्तरं वेगळी येतात, आणि तशी ती आलीच पाहिजेत. ‘समोरासमोर’वाला प्रश्न सोडून द्या. 1930 च्या मल्लाला आजचा आहार, आजचा व्हिडिओ आणि आजचे नियम देऊन मॅटवर उभं करता येत नाही, त्यामुळे तिथे पुरावा नावाची गोष्टच उरत नाही.

फरक किती पडतो याचं चोख उदाहरण म्हणजे शेल्बी विल्सन. 1960 च्या रोम ऑलिंपिकचं सुवर्ण त्याच्याकडे आहे, पण कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद एकही नाही. पहिल्या प्रश्नात तो पहिल्या दहातही बसणार नाही, दुसऱ्यात त्याला वगळणं अन्याय होईल. केनी मंडेचंही थोडं असंच: 1984 चं एक एनसीएए (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) विजेतेपद, म्हणजे कॉलेजचं राष्ट्रीय विजेतेपद, पण 1988 चं ऑलिंपिक सुवर्ण, 1989 चं जागतिक विजेतेपद आणि 1992 चं रौप्य.

यानंतर कुणाचं काय मोजायचं याची हद्द आखा. नियम एकच ठेवा: या कॉलेजकडून खेळलेल्या कुस्त्या तेवढ्या धरायच्या. स्टीव्ह मोको 2003 मध्ये आयोवाकडून हेवीवेट विजेता झाला, मग ओक्लाहोमा स्टेटला आला, 2005 मध्ये कोल कॉनरॅडला हरवून पुन्हा जिंकला आणि 2006 च्या अंतिम कुस्तीत त्याच कॉनरॅडकडून हरला. तुमच्या तक्त्यात त्याचं एक विजेतेपद आणि एक दुसरा क्रमांक येईल. आयोवाचं वर्ष आयोवाच्या खात्यात. वायट हेन्ड्रिक्सनचंही तेच. एअर फोर्स अकॅडमीतली वर्षं बाजूला, ओक्लाहोमा स्टेटचा एकच हंगाम मोजायचा. प्रशिक्षकपदही यात आणायचं नाही. जॉन स्मिथच्या हाताखाली संघाने 1994 आणि 2003 ते 2006 अशी पाच विजेतेपदं घेतली, ती प्रशिक्षकांच्या वादात वापरा. मल्ल म्हणून त्याच्या पारड्यात ती टाकली की तोल गेलाच समजा.

आता तक्ता. प्रत्येक मल्लाला एक पान द्या आणि त्यावर एवढंच लिहा: कोणती वर्षं, कोणता वजनगट, दर वर्षी एनसीएए स्पर्धेतला क्रमांक, एकूण जय-पराजय-बरोबरी, अंतिम फेरीत समोर कोण होता, आणि त्या वर्षी संघ कितवा आला. आंतरराष्ट्रीय पदकांसाठी पानाच्या मागची बाजू वापरा. समोरच्या बाजूला ती लिहिली की डोळा तिथेच जातो.

या तक्त्यातला सर्वांत कामाचा आकडा विजेतेपदांचा नाही, संधींपैकी विजेतेपदांचा आहे. 1960 च्या दशकात बराच काळ पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे, म्हणजे जास्तीत जास्त तीन संधी. जपानहून आलेला योजिरो उएताके 1964, 1965 आणि 1966 असा तिन्ही वर्षं जिंकला आणि कॉलेजमध्ये एकदाही हरला नाही. पॅट स्मिथने 1990, 1991, 1992 आणि 1994 मध्ये 158 पौंडांत चार विजेतेपदं घेतली. एनसीएएच्या इतिहासात चार वेळा जिंकणारा तो पहिला. 1993 मध्ये तो स्पर्धेत नव्हता. ‘चार मोठे की तीन’ असं विचारलं तर वाद दोन मिनिटांत संपतो आणि चुकीच्या ठिकाणी संपतो. चारपैकी चार आणि तीनपैकी तीन अशी मांडणी केली की खरा वाद सुरू होतो. उलट दिशेनेही सावध राहा: 2020 ची स्पर्धा कोविडमुळे रद्द झाली आणि त्या काळातल्या खेळाडूंना जादा वर्ष मिळालं. पेन स्टेटचा कार्टर स्टारोची पाच वेळा विजेता झाला तो त्यामुळेच.

जय-पराजयाचा शेकडा काढा, पण त्यावर फार विसंबू नका. बरोबरी अर्धी धरली तर पॅट स्मिथचे 121-5-2 म्हणजे 95.3 टक्के, जॉन स्मिथचे 154-7-2 म्हणजे 95.1 टक्के, अ‍ॅलेक्स डिअरिंगरचे 133-10 म्हणजे 93 टक्के. पॅट आणि जॉन हे भाऊ, आणि त्यांच्यात फरक 0.2 टक्क्यांचा. एवढ्यावर कुणाला वर-खाली करणं म्हणजे वजनकाट्याच्या चुकीवर निकाल देणं. हार कधी झाली हे जास्त सांगतं. पॅटची एकही हार राष्ट्रीय स्पर्धेत नाही, सगळ्या हंगामातल्या. जॉनची एक हार 1985 च्या अंतिम कुस्तीतली, विस्कॉन्सिनच्या जिम जॉर्डनकडून (जो पुढे अमेरिकी संसदेत गेला). डिअरिंगरचं चित्र वेगळंच: 2013 मध्ये तिसरा, मग 2014, 2015 आणि 2016 अशी तीन विजेतेपदं आणि शेवटी सलग 82 विजय. कारकिर्दीची सुरुवात आणि शेवट सारख्याच मापाने मोजल्या की असा मल्ल मागे पडतो, म्हणून हार कोणत्या वर्षाची हेही लिहा.

प्रतिस्पर्ध्यांचा रकाना लोक कंटाळून रिकामा ठेवतात, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठी गफलत इथेच होते. ख्रिस पेंडलटनकडे 2004 आणि 2005 ची दोन विजेतेपदं आहेत. आकडा छोटा वाटतो. पण दोन्ही अंतिम कुस्त्यांत समोर मिझुरीचा बेन अ‍ॅस्क्रेन होता, जो पुढची दोन्ही वर्षं विजेता झाला. ही दोन विजेतेपदं मोकळ्या वजनगटात मिळालेल्या दोनांपेक्षा जड आहेत. हेन्ड्रिक्सनचं उदाहरण त्याहून ठसठशीत. मार्च 2025, फिलाडेल्फिया, समोर टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता गेबल स्टीव्हसन. हेन्ड्रिक्सन 4-2 ने मागे, शेवटचं अर्धं मिनिट, आणि त्याने टेकडाउन घेतलं, म्हणजे त्याला खाली आणून ताबा मिळवला. त्याचे 3 गुण. 5-4. एका हंगामाच्या पाहुण्याला पहिल्या पाचात घ्यायचं का? आम्ही घेणार नाही. पण ओक्लाहोमा स्टेटच्या सिंगलेटमधली सर्वांत मोठी एकच कुस्ती निवडायची झाली तर ही तिथे असणारच.

जुन्या काळाकडे जाताना उलटी काळजी घ्या. 34 पैकी 27 सांघिक विजेतेपदं 1971 पर्यंतची आहेत. अर्ल मॅक्रेडी 1928 ते 1930 आणि जॅक व्हॅनबेबर 1929 ते 1931 असे तीन-तीनदा जिंकले, तेव्हा राष्ट्रीय स्पर्धेत उतरणारी कॉलेजं थोडी होती. आज प्रत्येक वजनगटात 33 जण, तेही आधी पात्र ठरून येतात. जुन्यांना शून्य देऊ नका. त्यांची तुलना आधी त्यांच्याच काळातल्या लोकांशी करा. 1945 पर्यंत, 1946 ते 1970 आणि 1971 पासून आजपर्यंत असे तीन गट पाडा, प्रत्येक गटातून दोन-तीन मल्ल वर काढा आणि मगच एकत्र मांडा. डिक हटनसारखे मल्ल यामुळे सुटत नाहीत. 1947, 1948, 1950 असं तीनदा विजेतेपद, आणि मधल्या 1949 च्या अंतिम कुस्तीत मिनेसोटाच्या व्हर्न गॅग्नेकडून हार.

नियमांचा मुद्दा थोडा किचकट आहे, पण तो टाळला तर अलीकडचे मल्ल फुकट मोठे दिसतात. कॉलेजची कुस्ती ही ऑलिंपिकमधली फ्रीस्टाइल नाही. वरच्या मल्लाने खालच्याला दाबून ठेवल्याचा वेळ मोजला जातो, आणि निव्वळ एक मिनिटाची आघाडी असेल तर शेवटी एक गुण मिळतो. खालचा सुटला तर त्याला एक. 2023-24 पासून टेकडाउनचे गुण 2 वरून 3 झाले. समजा, एक मल्ल पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली आणतो, सोडून देतो, पुन्हा आणतो. 15 गुणांची आघाडी झाली की कुस्ती थांबते, यालाच तांत्रिक गुणाधिक्य म्हणतात. जुन्या हिशेबाने त्यासाठी 14 टेकडाउन लागत, नव्याने 7 पुरतात. अगदी निम्मे. त्यामुळे ‘याने इतक्या कुस्त्या तांत्रिक गुणाधिक्यावर जिंकल्या’ हा दावा 2023 च्या आधीच्या आणि नंतरच्या मल्लांमध्ये थेट वापरायचा नाही. चितपट मात्र चितपटच. काळ ओलांडून तुलना करायला तोच आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. हेवीवेटमध्ये चितपटचं प्रमाण साहजिकच वेगळं असतं, तेव्हा वजनगटही बघा.

पुरस्कारांचंही तसंच. हॉज ट्रॉफी, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम मल्लाचा पुरस्कार, 1995 मध्ये सुरू झाली. मोकोला ती 2005 मध्ये आणि डिअरिंगरला 2016 मध्ये मिळाली. पॅट, जॉन आणि उएताके यांच्या वेळी ती नव्हतीच, तेव्हा तिचा स्वतंत्र रकाना ठेवू नका.

गुण द्यायचे असतील तर 100 असे वाटा: संधींपैकी विजेतेपदांना 40, प्रतिस्पर्ध्यांना 25, जय-पराजय आणि हार कधी झाली याला 15, चितपट आणि मोठ्या फरकाच्या विजयांना 10, संघाच्या यशातल्या वाट्याला 10. शेवटचे 10 त्याहून वाढवू नका. जॉन स्मिथ मल्ल असताना संघाला एकदाही विजेतेपद मिळालं नाही (1987 मध्ये आयोवा स्टेट जिंकलं, 1988 मध्ये अ‍ॅरिझोना स्टेट), तर 2005 च्या संघात पाच वैयक्तिक विजेते होते. सोबत चार विजेते असण्याचं श्रेय एकट्या जेक रोशोल्टला कसं देणार? त्याची 2003, 2005 आणि 2006 ची तीन विजेतेपदं त्याशिवायही पुरेशी बोलतात.

बैठकीला सहा ते आठ जण बरे, वेळ दीड तास. प्रत्येकाला एक मल्ल द्या, पण त्याच्या आवडीचा नको. ज्याने कुस्ती 2000 नंतर पाहायला सुरुवात केली त्याला उएताके द्या, जुन्या जाणत्याला डिअरिंगर. आठवडाभर आधी वाटणी केली तर लोक खरंच तयारी करून येतात. प्रत्येकी पाच मिनिटं मांडणी, तीन मिनिटं उलटतपासणी, मध्ये कुणी बोलायचं नाही. व्हिडिओ दाखवायचा तर सगळ्यांचा दाखवा, नाहीतर कुणाचाच नको. 1960 च्या दशकातलं चित्रण नावापुरतं मिळतं आणि जॉन स्मिथच्या कुस्त्या भरपूर मिळतात. त्याचा तो खालून येणारा एकेरी पट, जवळजवळ मॅटला छाती टेकवून घोट्याला घातलेला हात आणि खांद्याने नडगीवर दिलेला दाब, एकदा पाहिला की माणूस तिथेच मत देऊन मोकळा होतो. दिसायला सुंदर हा वेगळा गुण आहे, हवा तर त्याचा निराळा कौल घ्या.

मतदान चिठ्ठीवर, प्रत्येकाने पाच नावं क्रमाने, 5 ते 1 गुण. हात वर करून मत घेतलं की पहिला बोलणारा जिंकतो.

एक गाठ मात्र आधीच सोडवून ठेवावी लागते: विद्यार्थी असताना मिळालेली आंतरराष्ट्रीय पदकं. जॉन स्मिथ 1987 मध्ये जागतिक विजेता झाला, कॉलेजचा एक हंगाम बाकी असताना. मार्च 1988 मध्ये कॉलेजचं दुसरं विजेतेपद, आणि त्याच वर्षी सेऊलचं सुवर्ण. उएताकेने टोकियोचं सुवर्ण ऑक्टोबर 1964 मध्ये जिंकलं, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या एनसीएए विजेतेपदाच्या मध्ये, आणि तेही जपानसाठी. आमचं म्हणणं: पहिल्या प्रश्नात ही पदकं गुणांत धरू नका, पण बरोबरी फोडायला वापरा.

असं केलं तर पहिल्या प्रश्नाला आमचं उत्तर उएताके. मिळालेली प्रत्येक संधी त्याने जिंकली आणि हंगामातही कुणाला हात लागू दिला नाही. पॅट स्मिथ त्याच्या अगदी पाठीशी, आणि कुणी त्याला वर ठेवलं तर भांडणार नाही. चौथं विजेतेपद हे नुसतं एक जादा विजेतेपद नसतं, आणखी एक वर्ष वजन राखून, दुखापती सांभाळून, सगळ्यांनी आपल्यावरच डोळा ठेवलेला असताना जिंकायचं असतं. तिसरा जॉन, चौथा डिअरिंगर. पाचव्या जागेसाठी हटन आणि रोशोल्ट यांच्यात आमचं एकमत नाही. दुसऱ्या प्रश्नात मात्र दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि 1987, 1989, 1990, 1991 ही चार जागतिक विजेतेपदं घेऊन जॉन स्मिथ सरळ पहिला येतो. टोकियोच्या जोडीला 1968 चं मेक्सिको सिटीचं सुवर्ण असलेला उएताके तिथे दुसरा.

निकालाचा कागद तारीख घालून ठेवा आणि सोबत गुणांची वाटणीही जोडा. पुढच्या वेळी कुणी प्रतिस्पर्ध्यांचे 25 वाढवून 35 करा म्हणालं, तर आधी जुन्या कागदावरच नवा हिशेब करून बघा.