जुन्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स ‘गेला’ म्हणण्याआधी या चुका टाळा

माझी सेकंड हँड ऑटोमॅटिक गाडी साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर हिसके द्यायला लागली. गॅरेजमध्ये एक चक्कर मारून निदान मिळालं: “गिअरबॉक्स गेलाय, उतरवावा लागेल.” दुसऱ्या ठिकाणी नीट तपासलं तेव्हा खराब निघाली ती एका सिलिंडरची इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग. चढावर लोड आला की तो सिलिंडर मिसफायर व्हायचा, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटायचं नाही, आणि आत बसलेल्याला तो हिसका गिअरचाच वाटायचा. कॉइल आणि प्लग बदलले, गाडी अजून त्याच गिअरबॉक्सवर पळतेय. तेव्हापासून कुणी गिअरबॉक्स उतरवायची भाषा केली की मी आधी विचारतो, त्याआधी काय काय पाहिलं?

सगळ्या ऑटोमॅटिक एकाच मापाने मोजणं

आपल्याकडे ऑटोमॅटिक म्हणजे निदान चार वेगळी यंत्रं. जुन्या ऑटोमॅटिक आय-टेनमध्ये टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी ऑइलमधून ताकद पुढे देणारा भाग) आणि चार गिअर. 2014 पासूनच्या पेट्रोल होंडा सिटीत सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला, बेल्टवर चालणारा गिअरबॉक्स, पण त्याच्या आधीच्या पिढीत पाच गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. 2014 च्या सेलेरिओपासून एएमटी आली, म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र टाकतं. जुन्या पोलो जीटी टीएसआयमध्ये दोन कोरड्या क्लचचा सात गिअरचा डीएसजी.

एएमटीत पहिल्यातून दुसऱ्यात जाताना मान पुढे गेली तर तो तिचा स्वभाव आहे. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये तेच झालं तर चौकशी करायला हवी. सीव्हीटीत रेस दिल्यावर आरपीएम चढून तिथेच रेंगाळतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. पण जागेवरून निघताना थरथर आली तर ती मनावर घ्या.

गरम गाडीची ट्रायल

सेकंड हँड ऑटोमॅटिक बघायला जाता तेव्हा विकणारा गाडी आधीच चालू करून ठेवतो. त्याला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका; गेल्यावर बोनेटला हात लावून बघा. जुने रबरी सील थंडीत कडक असतात, त्यामुळे प्रेशर उशिरा तयार होतं. उलट ऑइल तापून पातळ झालं की झिजलेल्या क्लच प्लेट घसरायला लागतात. म्हणजे काही आजार फक्त थंड गाडीत दिसतात, काही फक्त तापलेल्या.

ब्रेक दाबून एन (न्यूट्रल) वरून डी (ड्राइव्ह) टाका आणि सेकंद मोजा. साधारण सेकंदाभरात गाडीने पकड घ्यायला हवी, रिव्हर्सला किंचित जास्त. दोन-तीन सेकंद काहीच न होता मग धाडकन गिअर पडला तर किंमत पाडत बसू नका, दुसरी गाडी बघा. ही परीक्षा पास झाली तर निदान अर्धा तास चालवा, ट्रॅफिकमध्ये आणि एखाद्या चढावर. सोसायटीभोवती एक फेरी मारून काहीही कळत नाही.

गिअरबॉक्सचं ऑइल चुकीच्या पद्धतीने बघणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि तेही चांगल्या हेतूने. गिअरबॉक्सला डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) असलेल्या जुन्या होंडात इंजिन तापवून, बंद करून एक-दीड मिनिटात माप घ्यायचं असतं. बहुतेक टोयोटा-ह्युंदाईत इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून, पी (पार्किंग) मध्ये. पद्धत चुकली की माप चुकतं, माणूस टॉप-अप करतो, जास्त झालेल्या ऑइलला फेस येतो आणि प्रेशर पडतं. मग चांगला गिअरबॉक्स स्लिप होतो.

ऑइल पांढऱ्या कागदावर टिपा. तांबूस तपकिरी चालेल. काळं आणि करपट वासाचं असेल तर क्लच प्लेट जळल्यात, ऑइल बदलून त्या परत येत नाहीत. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी दिसलं तर आत पाणी गेलंय: एकतर रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट मिसळलंय, नाहीतर गाडी पुरात बुडाली होती. मुंबईच्या पावसात बुडलेल्या गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या शहरांत विकल्या जातात. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ शोधा, सीटखालच्या पट्ट्यांवर गंज बघा.

आणि सीव्हीटीत साधं एटीएफ, म्हणजे इतर ऑटोमॅटिकचं नेहमीचं ऑइल, कधीही घालू नका. तिचं ऑइल वेगळं असतं, चुकीच्या ऑइलवर बेल्ट घसरतो. जुन्या गिअरबॉक्सला मशीन लावून प्रेशरने फ्लश मारण्याच्याही मी विरोधात आहे. साधं ड्रेन करून भरा. एका वेळी निम्म्याहून कमीच ऑइल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही दिवसांच्या अंतराने दोन-तीनदा करा.

स्वस्त गोष्टी शेवटी तपासणं

गिअर पी मधून हलतच नाही? मागे कुणाला उभं करून ब्रेकलाइट लागते का बघा. लागत नसेल तर बहुधा पेडलवरचा छोटा स्विच गेलाय. स्टार्टर पी मध्ये फिरत नाही पण एन मध्ये फिरतो? गिअरची जागा सांगणारा स्विच बघा. डी-आर करताना ठक्क आवाज येतो? आधी इंजिन माउंटिंग बघा, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार. बॅटरी कमजोर असली तरी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर गोंधळतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते.

साठ-सत्तरच्या स्पीडला, हलक्या रेसवर, रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल तर रिकाम्या रस्त्यावर रेस तशीच ठेवून ब्रेकला नुसता स्पर्श करा. त्याने कन्व्हर्टरचा लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच, सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर संशय लॉक-अपवर. पण मिसफायरचा हिसकाही लॉक सुटल्यावर मऊ होतो, म्हणून प्लग-कॉइल तपासल्याशिवाय निकाल देऊ नका.

स्वस्त स्कॅनरवर विसंबणं

मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुतेक वेळा इंजिनच्याच बिघाडाचे कोड वाचतात. पी0700 दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमध्ये तक्रार नोंदलेली आहे. ती वाचायला त्या गाडीला चालणारा मोठा स्कॅनर लागतो. एकही कोड नाही, पण मॉनिटर (गाडीच्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या तपासण्या) ‘अपूर्ण’ दिसताहेत? कोड नुकतेच पुसले असतील किंवा बॅटरी काढली असेल. दोनेक दिवस गाडी चालू द्या, मग पुन्हा तपासा.

दोरी बांधून ओढणं

बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने गॅरेजपर्यंत आणू नका. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा ऑइल पंप बंद, आणि फिरणारी चाकं आतले भाग कोरडेच फिरवतात. फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक, मागवा. तो मिळतच नसेल तर पुढची चाकं उचलून न्यायला सांगा, कारण आपल्याकडच्या बहुतेक लहान ऑटोमॅटिक गाड्यांत ताकद पुढच्याच चाकांना जाते. मागची चाकं फिरणार असतील तर हँडब्रेक सोडायचं तेवढं लक्षात ठेवा.