वंशवृक्ष एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात हलवताना

वंशावळीचा प्रत्येक प्रोग्रॅम माहिती आपल्या पद्धतीने साठवतो, पण दुसऱ्याला देताना बहुतेक सगळे गेडकॉम वापरतात. साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्येही उघडते. तिची ५.५.१ ही आवृत्ती जवळपास सगळीकडे चालते. २०२१ ची ७.० जास्त नेटकी आहे, पण दोन्ही प्रोग्रॅम ती घेत असतील तरच तिच्या वाटेला जा.

माणसं, लग्नं, मुलं एवढं बिनबोभाट जातं. गळतं ते नेमकं आपल्या घरांत भरपूर असतं ते: माहेर-सासरची नावं, दत्तक, शके, देवनागरी. तेव्हा चारशे माणसांचं झाड एकदम उचलू नका. आधी दहा-बारा जणांचं चाचणीचं झाड करा आणि त्यात मुद्दाम अडचणीचीच माणसं भरा. एक दत्तक मुलगा, दोन लग्नं झालेले पणजोबा, लग्नानंतर नाव बदललेली आजी, शकातली तारीख, एक फोटो, पानभर टीप. हे झाड एक्स्पोर्ट करा, नव्या प्रोग्रॅममधल्या रिकाम्या झाडात इम्पोर्ट करा आणि दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून एकेक माणूस ताडून बघा.

एक्स्पोर्ट करताना अक्षरसंच (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) विचारला तर यूटीएफ-८ निवडा. जुन्या फाइलींतला अ‍ॅन्सेल हा संच रोमन लिपीसाठी आहे, त्यात देवनागरीला जागाच नाही. तरीही नावं बिघडलीच, तर नक्की काय दिसतंय ते बघा. डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येत असेल तर फाइल बहुधा धडधाकट आहे, वाचणारा प्रोग्रॅम चुकतोय. फाइलच्या सुरुवातीच्या भागात अक्षरसंच सांगणारी ओळ असते. तिथे यूटीएफ-८ लिहा, फाइल यूटीएफ-८ म्हणूनच सेव्ह करा आणि पुन्हा इम्पोर्ट करा. पण नोटपॅडमध्ये उघडल्यावरही नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं गेली. जुन्या नोटपॅडमध्ये ‘आन्सी’ या जुन्या अक्षरसंचात सेव्ह केलं की हेच होतं. मग मूळ प्रोग्रॅममधून नवा एक्स्पोर्ट, दुसरा इलाज नाही.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून छापून घेतलेल्या कुलवृत्तांताची डीटीपी फाइल हाताशी असेल तर तिच्यातून थेट कॉपी-पेस्ट करू नका. जुन्या डीटीपी फाँटांतला मजकूर युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक पद्धत) नसतो, फाँट काढला की रोमन अक्षरांची खिचडी उरते. आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा.

लांब टिपांचा घोळ वेगळाच. ५.५.१ मध्ये एका ओळीला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, त्यामुळे मोठी टीप तुकडे होऊन जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं. जो प्रोग्रॅम अक्षरांऐवजी बाइट मोजतो, त्याची ओळ ८५ चिन्हांच्या आतच भरते आणि कधी चिन्हाच्या मधोमध तुटते. तुकडा शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर पडला तर ती जागा गळू शकते, ‘वाडा विकून’चं ‘वाडाविकून’ होतं. चाचणीत पानभर टीप हवी ती यासाठी.

नावाच्या ओळीत आडनाव दोन तिरक्या रेघांमध्ये असतं: महादेव गोविंद /कुलकर्णी/. वडिलांचं नाव पहिल्या नावाबरोबरच ठेवा. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत असलेल्या घरात दोन महादेव वेगळे ओळखायला तेच उपयोगी पडतं. बायकांचं माहेरचं नाव मुख्य, सासरचं ‘लग्नानंतरचं नाव’ म्हणून दुसरं. काही प्रोग्रॅम हे दुसरं नाव स्वतःच्या खास खुणेने लिहितात. ती खूण अधोरेषेने सुरू होते आणि समोरचा प्रोग्रॅम ती टाकून तरी देतो किंवा टिपेत ढकलतो. म्हणून सासरचं नाव टिपेतही लिहून ठेवा, दुबार झालं तरी चालेल.

तारखेत इंग्रजी आकडे आणि महिन्याचं तीन अक्षरी इंग्रजी रूपच लागतं. देवनागरी आकड्यांतली तारीख नुसता मजकूर ठरण्याची शक्यता असते, मग वयही निघत नाही आणि क्रमही लागत नाही. शक तर गेडकॉमच्या कालगणनांत नाहीच. शकात ७८ मिळवा, जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. म्हणजे शके १८०५ चा चैत्र १८८३ मध्ये, पण माघ १८८४ मध्ये. पौष दोन्हीकडे सांडतो, तिथे जुनं पंचांग बघा. मूळ नोंद कंसात जशीच्या तशी ठेवा.

दत्तक मुलगा दोन कुटुंबांना जोडलेला असतो आणि नात्याचा प्रकार वेगळ्या ओळीत असतो. ती ओळ हरवली की त्याला दोन जन्मदाते बाप होतात. इम्पोर्टनंतर सगळे दत्तक हातानेच तपासा.

फोटो ५.५.१ च्या फाइलमध्ये जात नाहीत, फक्त त्यांचा पत्ता जातो. सगळे एका फोल्डरमध्ये ठेवून तो फोल्डर सोबत द्या. दोन्हीकडे ग्रॅम्प्स हाच वंशावळीचा प्रोग्रॅम असेल तर गेडकॉम नकोच, त्याचं स्वतःचं पॅकेज फोटोंसकट जातं.

ठिकाणांची यादी शेवटी एकदा चाळा. पुणे, पुना, पूना अशा तीन नोंदी हमखास निघतात. कऱ्हाडसारख्या शब्दात तर दोन नोंदी दिसायला अगदी सारख्या आणि आतून वेगळ्या असतात. एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह असतं, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा जोडक. शोधलं तर एकच सापडते. मूळ प्रोग्रॅममध्येच एक रूप ठरवून बदलून घ्या, मग शेवटचा एक्स्पोर्ट करा. तो नातेवाइकांच्या ग्रुपवर जाणार असेल तर हयात माणसांचा तपशील वगळण्याचा पर्याय आधी टिक करा.