नागपुरात घर घेण्याआधी रुळांचा नकाशा बघा

डोंबिवली सोडून नागपुरात आले त्याला आता पंधरा वर्षं झाली. तिकडून बदली होऊन येणारे मला हमखास विचारतात, "ताई, नोकरी बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. कामठीला किंवा वर्ध्याला स्वस्तात घर घेऊन लोकलने ये-जा केली तर?"

इथे लोकल नाही. मेमू (कमी अंतराच्या विजेवरच्या गाड्या) आणि पॅसेंजर आहेत, त्यांनी रोज 'अपडाऊन' करणारे एमएसटीवाले, म्हणजे मासिक पासवालेही पुष्कळ आहेत. पण दर चार मिनिटांनी गाडी येण्याची सवय लागलेल्याने त्या वेळापत्रकावर संसार उभा करू नये.

शहरातल्या शहरात मेट्रो उत्तम आहे. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर हे दोन मार्ग बर्डीला भेटतात. (सीताबर्डीला इथे सगळे बर्डीच म्हणतात, आणि रिक्षाला ऑटो.) मेट्रोचं महाकार्ड पहिल्याच आठवड्यात काढा. स्टेशनपासून घराचं अंतर मात्र मे महिन्याच्या हिशेबाने मोजा, तेव्हा पारा 45 च्या आसपास असतो. कन्हान, बुटीबोरी आणि हिंगण्याकडे जाणाऱ्या 43.8 किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला डिसेंबर 2022 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. तेवढ्या भरवशावर बिल्डरला टोकन देऊ नका.

आता शहराबाहेरचं. वर्धा आणि काटोल-नरखेडकडचे रूळ मध्य रेल्वेचे. कामठी, रामटेक आणि भंडारा रोडकडचे दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे. पहिलीचं मुख्यालय मुंबईत, दुसरीचं बिलासपूरला. दोघींचेही नागपूर विभाग याच शहरात आहेत. त्यातून मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग इथेच एकमेकांना छेदतात. एक्स्प्रेस आणि कोळशाच्या मालगाड्या यांच्यामधून उरेल त्या जागेत पॅसेंजर चालते. बुटीबोरीची शिफ्ट किती वाजता सुटते याचा विचार त्या वेळापत्रकात कोणी करायचा?

म्हणून माझं मत ठाम आहे: आसपासच्या गावांना जोडणाऱ्या गाड्या शहराची वाहतूक सांभाळणाऱ्या संस्थेकडेच हव्यात. वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा रोडपर्यंत रेल्वेच्याच रुळांवर महामेट्रोने (नागपूर मेट्रो चालवणाऱ्या कंपनीने) गाड्या चालवायच्या, असा ब्रॉडगेज मेट्रोचा प्रस्ताव 2018 पासून आपण ऐकतो आहोत. लंडनमध्ये 2007 साली काही उपनगरी मार्ग शहराच्या वाहतूक संस्थेने हाती घेतले. गाडी कंत्राटदार कंपनी चालवते. भाडं आणि फेऱ्या ठरवते शहराची संस्था. त्यामुळे बस, मेट्रो आणि उपनगरी गाडी प्रवाशाला एकच वाटते. आपण मुंबईत वाढलो तेव्हा बेस्टचं तिकीट वेगळं आणि लोकलचा पास वेगळा होता. ती चूक नागपूरने सुरुवातीलाच टाळावी.

दोन अडचणी मात्र खऱ्या आहेत. रूळ रेल्वेचेच राहणार असतील, तर सकाळ-संध्याकाळच्या ठराविक वेळा करारात लिहून घेतल्या पाहिजेत. नाहीतर शिव्या महामेट्रोने खायच्या आणि सिग्नल दुसऱ्याच्या हातात. दुसरी अडचण मला अधिक टोचते. वर्ध्याच्या माणसाचं नागपूरच्या महापालिकेत मत नाही. लंडनच्या हद्दीबाहेरच्या प्रवाशांचीही हीच तक्रार होती, आणि 2016 मध्ये आणखी मार्ग शहराकडे द्यायला तिथल्या सरकारने नकार दिला. इथे महामेट्रो केंद्र आणि राज्याची निम्म्या-निम्म्या भागीची कंपनी आहे, त्यामुळे वर्धा आणि भंडारा जिल्ह्यांना निर्णयात खुर्ची देणं अवघड नाही. ती दिलीच पाहिजे. अपडाऊन तेच करतात.

तोवर घर वर्धा रोडच्या मेट्रोजवळ बघा, सोमलवाड्यापासून खापरीपर्यंत. तिथून बुटीबोरीला कंपनीची बस मिळते का, हे ऑफर लेटरवर सही करण्याआधी विचारा. आणि वर्ध्यालाच राहायचं असेल, तर आधी आठवडाभर सकाळच्या गाडीने येऊन बघा. पोहोचल्याची वेळ रोज वहीत लिहा, मग घरमालकाशी बोला.