बाणावरचा मोठा नंबर म्हणजे मजबूत बाण नाही भो! कंपाऊंड धनुष्यवाल्यांनो, या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात भुसावळचा एक मित्र नवीन डझनभर बाण घेऊन माझ्याकडे जळगावला आला आणि चपला काढायच्या आधीच म्हणे, "भो, बाण वाकडे निघाले, दुकानदारानं फसवलं." मी एकेक बाण टेबलावर फिरवून बघितला, सगळे सरळ. मग विचारलं, कंपाऊंड धनुष्य (टोकांना चाकं असलेलं) किती पाउंडवर आहे, म्हणजे ओढायला किती जोर लागतो? तर ६४. आणि बाण? ५०० चे. का घेतले? तर ४०० पेक्षा ५०० मोठा, म्हणजे जास्त मजबूत ना! सिमेंट घेताना ४३ ग्रेडपेक्षा ५३ ग्रेड मागतो तसा हिशोब लावला पठ्ठ्यानं.

इथं हिशोब बरोबर उलटा आहे. बाणावरचा तो नंबर म्हणजे स्पाइन, बाणाचा शाफ्ट (मधली नळी) किती वाकतो त्याचं माप. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट आडवा ठेवायचा, मधोमध १.९४ पाउंड म्हणजे ८८० ग्रॅम वजन लटकवायचं आणि शाफ्ट किती खाली झुकला ते इंचात मोजायचं. अर्धा इंच झुकला तर ५००, ०.३४० इंच झुकला तर ३४०. म्हणजे नंबर जितका लहान तितका बाण कडक. त्यात काही कंपन्यांनी अजून घोळ घातलाय, गोल्ड टिपच्या बऱ्याच बाणांवर ५५७५ लिहिलेलं असतं, तो असतो ४०० स्पाइनचा, आणि ७५९५ वाला ३४० चा. जुन्या अ‍ॅल्युमिनियम बाणावर २३१५ दिसलं तर ते स्पाइन नाहीच, जाडी २३/६४ इंच आणि पत्रा १५ हजारांश इंच, एवढाच त्याचा अर्थ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण कोणीतरी विचारणारच. हे धनुष्य हंटिंग बो म्हणून विकतात, बाहेरच्या देशात त्यानं शिकारी होतात, पण आपल्याकडं १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, त्यामुळं यावल-पालच्या जंगलात घेऊन जायचा विचारही करू नका. आम्ही मारतो ते फोमच्या टार्गेटवर, नाहीतर शेतात कापणी झाल्यावर पडलेल्या केळीच्या खोडावर, मागं मातीचा चांगला उंच बांध असेल तरच. खोडाचा चिक मात्र व्हेनला (बाणाच्या मागच्या पिसांना) लागला की जात नाही, आणि तोच रेस्टवर (बाण टेकवायच्या आधारावर) चिकटला की तुम्ही स्पाइनला शिव्या देत बसता.

आता खरी गंमत. दुकानात मोजलेलं वाकणं वेगळं आणि दोरीनं मागून ढकलल्यावर बाण वाकतो ते वेगळं. तुराटी जमिनीवर उभी धरून वरून दाबली की कशी मधे फुगते, बाणाचं तसंच होतं, मागून दोरी जोरात ढकलते आणि पुढचा जड पॉइंट (बाणाचं टोक) जागचा हलायला तयार नसतो, मग मधला शाफ्ट वाकतो. दोरीचा जोर वाढला, बाण लांब झाला किंवा पॉइंट जड झाला तर तोच ४०० चा बाण ४०० सारखा वागत नाही, मऊ पडतो. बाण आखूड केला किंवा मागं वजन वाढवलं तर कडक पडतो. लाइटवाला नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) लावला की मागचं वजन दुप्पट-अडीचपट होतं, हे तर कोणाच्या लक्षातच येत नाही.

धडगावच्या बाजारात एका म्हाताऱ्या पावरा आदिवासी बाबांना मी माझा कार्बनचा बाण हातात दिला होता. त्यांनी दोन्ही टोकं धरून जरासा वाकवला, परत दिला आणि म्हणाले की हा माझ्या कामठ्याला (धनुष्याला) कडक पडेल. चार्ट (किती जोराला कुठला स्पाइन ते सांगणारा कंपनीचा तक्ता) नाही, काटा नाही. आम्ही मात्र मोबाईलवर तीन-तीन कॅल्क्युलेटर उघडून बसतो आणि त्यात आकडे टाकतो अंदाजपंचे.

ही अंदाजपंचे आकड्यांची चूक मी स्वतः दोन वर्षं केलीय. धनुष्याच्या लिंबवर (वाकणाऱ्या पात्यावर) ६०-७० लिहिलेलं असतं म्हणून कोणी सरळ ७० धरतो, कोणी मधला ६५ धरतो, आणि मागच्या मालकानं जोर कमी करायला बोल्ट किती सैल केलेत ते देवालाच माहीत. मी माझं ६० धरून चाललो होतो. केळीचा घड मोजायचा लटकता डिजिटल काटा असतो ना, तो दोरीला अडकवून हळूहळू ओढलं आणि दुसऱ्याला आकडा बघायला लावला, तर सगळ्यात जास्त भरलं साडेचोवीस किलो, म्हणजे ५४ पाउंड! चार्टमध्ये हाच सगळ्यात मोठा आकडा टाकायचा. पूर्ण ओढल्यावर हातात उरतो तो नाही. ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर कमी होणारा जोर) असलेलं ६० पाउंडाचं धनुष्य शेवटी १२ पाउंडच धरायला लागतं, आणि एकानं खरंच १२ टाकून विचारलं होतं की चार्टमध्ये बाणच सापडत नाही. आणि हे मोजताना दोरी रिकामी सोडायची नाही, बाणाशिवाय सुटली तर लिंब आणि कॅम (टोकाची चाकं) दोन्हीचं वाटोळं होतं.

लांबीचं पण तसंच. ड्रॉ लेंथ (दोरी किती मागं ओढता ते माप) २९ म्हणून बाण २९ चा हवाच असं काही नाही. ड्रॉ लेंथमध्ये ग्रिपच्या (धनुष्याच्या मुठीच्या) पुढचा पावणेदोन इंच धरलेला असतो, आणि बाणाची लांबी मोजायची ती नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या टोकापर्यंत, पॉइंट सोडून. बाण एक इंच कापला की चार्टवर साधारण ५ पाउंडांचा फरक पडतो. त्यामुळं "थोडा थोडा कापून बघू" हा प्रयोग कडक बाणावर करू नका, तो अजून कडकच होणार, आणि कापलेला तुकडा परत चिकटवता येत नाही. फार आखूड झाला तर ओढताना रेस्टवरून मागं पडून हातात घुसायची भीती, ते वेगळंच. कापायचा तर अ‍ॅब्रेसिव्ह चाकाच्या कटरवर, तोंडाला मास्क लावून. लोखंडी करवतीनं कापला की कार्बनच्या शिरा फुटतात आणि त्या वरून दिसत नाहीत.

पॉइंटचं वजन तर सगळे पाकिटावर वाचून मोकळे होतात. आपण जळगावकर, सोन्याचं गाव आपलं, ओळखीच्या सराफाकडं जाऊन काट्यावर टाका की. १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम, १२५ ग्रेन म्हणजे ८.१० ग्रॅम. मी नेलेल्या सहा पॉइंटांपैकी एक चक्क दुसऱ्या वजनाचा निघाला, आणि तोच बाण कायम खाली लागायचा. सराफ हसला, पण मोजून दिलं. १०० वरून १२५ वर गेलात तर चार्टमध्ये साधारण ३ ते ४ पाउंड जास्त धरायचे. तिथंच अख्खा बाणही मोजून घ्या. धनुष्याच्या दर पाउंडाला निदान ५ ग्रेन बाणाचं वजन पाहिजे, ६० पाउंडाला ३०० ग्रेन म्हणजे साडेएकोणीस ग्रॅमच्या आसपास. त्यापेक्षा हलका बाण वेगात जातो खरा, पण धनुष्याला ते जवळपास रिकामं सोडल्यासारखंच.

ढोबळ अंदाज हवाच असेल तर २८ इंची बाण आणि १०० ग्रेन पॉइंट धरून ४५ ते ५० पाउंडाला ५००, ५० ते ६० ला ४००, ६० ते ७० ला ३४०, त्याच्या वर ३००. पण हा अंदाजच, ज्या कंपनीचा बाण घेताय तिचाच चार्ट बघा. दोन नंबरांच्या मधे अडकलात तर कंपाऊंडला जरा कडक बाजूचा घ्या, थोडा कडक चालून जातो, जास्त मऊ बाण मात्र सोडताना फुटू शकतो आणि फुटलेला कार्बन थेट हातात घुसतो. म्हणून प्रत्येक वेळी मारायच्या आधी शाफ्ट कानाजवळ धरून जरा वाकवा, पिळा. कटकट आवाज आला तर तो बाण मोडून फेका. कोपऱ्यात ठेवू नका, पोरं उचलतात.

बरं, एवढं करूनही बाण तिरपा जातोय. लगेच नवीन स्पाइनची ऑर्डर टाकू नका. लाकडी चौकटीला रद्दीतला पेपर ताणून लावा आणि दोन मीटरवरून त्यातून बाण मारा. गोल भोक आणि भोवती व्हेनच्या चिरा आल्या तर झालं. आडवा फाटला तर आधी रेस्ट बघा, मग ग्रिप. खान्देशी माणूस कुऱ्हाड धरल्यासारखं ग्रिप आवळतो, तळहातानं धनुष्य पिळलं की कुठलाही बाण कडक नाहीतर मऊ वाटतो. व्हेन रेस्टला घासतात का ते बघायला व्हेनवर लिपस्टिक किंवा टाल्कम पावडर लावा, रेस्टवर डाग उमटतो. घरातली लिपस्टिक विचारून घ्या.

अजून एक गैरसमज. बिनव्हेनचा बाण डावीकडं लागला तर कडक आणि उजवीकडं लागला तर मऊ हा नियम मोबाईलवर फिरतो, तो उजव्या हाताच्या, बोटांनी दोरी सोडणाऱ्या रिकर्व्हवाल्यांचा (बिनचाकांच्या धनुष्यवाल्यांचा). रिलीज (दोरी सोडायचं हातातलं यंत्र) वापरणाऱ्यांच्या बाणाला तसा बाजूचा झटका बसत नाही, त्यामुळं तो आंधळेपणानं लावायचा नाही.

स्पर्धेत उतरायचं असेल तर कंपाऊंडला वर्ल्ड आर्चरीची मर्यादा ६० पाउंडाची आहे. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, तेव्हापासून आमच्याकडं चौकशीला येणारी पोरं पहिल्याच दिवशी ७० पाउंड मागतात, त्यांना हे आधी सांगायला लागतं. आणि मे महिन्यात बाण गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या ४५ डिग्रीत बंद गाडी भट्टी होते आणि हॉट मेल्टनं (गरम करून लावायच्या गोंदानं) चिकटवलेला इन्सर्ट (पॉइंट बसवायचा शाफ्टमधला तुकडा) सैल पडतो, पॉइंट टार्गेटमध्येच राहतो.

भुसावळच्या मित्राचे ते ५०० चे बाण आता त्याची भाची मारते, तिचं धनुष्य ४५ पाउंडाचं, बाण सुतासारखे सरळ जातात. त्यानं स्वतःला ३४० चे मागवले. परवा फोन आला होता, आता म्हणतो रेस्टच वाकडा आहे.