घरचं खाणं बदलताय? या चुका टाळा

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गिरणीत एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. दहा किलो बाजरी घेऊन येतं आणि आल्या आल्या सांगतं, आजपासून आमच्या घरात गहू बंद. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून गाजलं, तेव्हापासून ही गर्दी आणखी वाढली. पंधरवडा सरत नाही तोवर त्याच घरातून पुन्हा गव्हाचं दळण येतं. सांगलीत गिरण चालवताना हे इतकं बघितलंय, की हल्ली डबा खाली ठेवायच्या आत मीच विचारते, “घरात भाकरी थापणार कोण?”

ठरवणारा एक, रांधणारी दुसरी

माझ्या मते निम्मी घरं इथंच फसतात. विश्रामबागेतल्या एका घराचं सांगते. घरच्या कर्त्या माणसाला डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं. त्यांनी मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघितला आणि भर मे महिन्यात दहा किलो बाजरी दळायला आणली. मी म्हटलं, “दादा, दोन किलोच दळू. बाजरीचं पीठ टिकत नाही.” ते म्हणाले, “सारखं हेलपाटे कोण घालणार? सगळं एकदमच दळा.”

बायकोचं माहेर चपात्यांचं. तिनं जन्मात भाकरी थापलेली नव्हती. तिला कुणी विचारलंही नाही, पिठाचा डबा आणून ओट्यावर ठेवला. पहिल्या दिवशी भाकऱ्या परातीतून उचलतानाच मोडल्या. दुसऱ्या दिवशी जाड झाल्या, आतून कच्च्या राहिल्या. मुलांनी दुधात कुस्करून कशाबशा संपवल्या आणि तिसऱ्या दिवशी बाहेरून वडापाव आला. पुढं पीठ कडू लागायला लागलं, तेव्हा ते गृहस्थ माझ्याकडे तणतणत आले, की तुमच्या जात्यात आधीचं काहीतरी कडू राहिलं होतं.

जात्यात काही नव्हतं. बाजरीत स्निग्धांश साधारण पाच टक्के असतो, म्हणजे गव्हाच्या दुपटीहून जास्त. दाणा अख्खा असतो तोवर तो सुरक्षित राहतो. दळला, की हवा लागते, दाण्यातलीच पाचकद्रव्यं त्या तेलावर काम करू लागतात आणि पीठ खवट होतं. उन्हाळ्यात तर फारच लवकर. आपल्याकडे बाजरी थंडीत खायची रीत आहे, भोगीला तीळ लावलेली भाकरी करायची, ती उगाच नाही.

त्यांच्यासोबत त्यांची आई आली होती, जत भागातली. म्हातारीनं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, “आरं, खवट झालंय की पीठ. ह्येची भाकर कशी गोड लागंल?” आयुष्यभर चुलीवर भाकऱ्या थापलेली बाई त्यांच्याच घरात बसून होती आणि तिला कुणी एका शब्दानं विचारलेलं नव्हतं! त्या दिवशी मला मनापासून वाईट वाटलं.

मी त्यांना दोन किलो शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, दळून दिला आणि सांगितलं, की आठवड्यातून दोनदा, फक्त रात्रीच्या जेवणाला, सोबत पिठलं नाहीतर ठेचा. सुनेला म्हटलं, सासूबाईंना शेजारी घेऊन बस. ज्वारीत गव्हासारखं पीठ धरून ठेवणारं चिकट ग्लूटेन नसतं, म्हणून गार पाण्यात पीठ एकजीव होत नाही. पाण्याला आधण येऊ द्यायचं, ते पिठात घालून उलथन्यानं हलवायचं, जरा निवलं की तळहाताच्या टाचेनं रगडून मळायचं. एका भाकरीपुरताच गोळा मळून घ्यायचा, सगळं पीठ एकदम मळून ठेवायचं नाही. तव्यावर टाकली की पिठाची बाजू वर, तिच्यावर पाण्याचा हात फिरवायचा आणि पाणी सुकायच्या आत उलटायची. काठ फुटत असतील तर मळणं कमी पडलंय किंवा पीठ जुनं आहे.

आणि त्या गृहस्थांना सांगितलं, ज्याला बदल हवाय त्यानंही परातीशी बसायचं. बसले. आज त्या घरात रात्री भाकरी असते, मुलांच्या डब्यात चपातीच असते आणि कुणाची तक्रार नाही. हुकूम सोडणाऱ्याचे हात पिठात गेल्याशिवाय हे बदल टिकत नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

माझ्या घरची पद्धत सांगते. ज्वारी आठवड्याची दळायची, बाजरी चार-पाच दिवसांची. धान्य साठवावं, पीठ साठवू नये. हेलपाटा वाचवायला महिन्याचं दळण करणाऱ्यांना भाकरी कधीच गोड लागणार नाही, मग दोष बिचाऱ्या धान्याला.

‘गूळच आहे, चालतो’

दुसरी माझी डोकेदुखी ही. एक निवृत्त मास्तर, मधुमेहाचे. साखर घरातून हद्दपार केली, याचं त्यांना फार समाधान. पण दिवसातून तीनदा गुळाचा चहा, सकाळी शेंगदाण्याचा लाडू, दुपारी मूठभर बेदाणे. पुढचा रिपोर्ट आधीपेक्षा वाईट आला. त्यांच्या मिसेस माझ्याकडे येऊन रडकुंडीला आल्या, “ताई, सगळं नैसर्गिकच देतेय हो मी, तरी असं कसं?”

गूळही उसाचाच आणि बहुतांश साखरच. त्यात थोडं लोह, थोडे क्षार असतात हे खरं, पण चहातल्या चमचाभर गुळातून मिळणारं लोह नावापुरतं. रक्तातली साखर मात्र गुळानंही चढते. बेदाण्याचंही तेच. तासगावचा बेदाणा आपल्या जिल्ह्याचं भूषण, 2016 साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरीही त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. चार दाणे तोंडात टाकणं वेगळं आणि नैसर्गिक आहे म्हणून मूठमूठ खाणं वेगळं.

गोडाची जागा दुसऱ्या गोडाला दिली, तर जीभ आहे तिथंच राहते. कमी करायची ती गोडी. चहात दोन चमचे साखर असेल तर दीड करा, दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग एक. जीभ रुळते, फक्त तिला वेळ लागतो आणि तेवढा धीर हल्ली कुणाकडे नसतो. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवणात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना सांगा. खाणं एकदम कमी झालं आणि औषध तेवढंच राहिलं, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नका. तो रंग आणायला काही ठिकाणी हायड्रॉस पावडर नावाचं रसायन टाकतात. पण काळपट दिसला म्हणजे सेंद्रिय, असंही नसतं. कराड, वाळवा, शिराळा भागात हंगामात गुऱ्हाळं चालू असतात. एकदा जाऊन काहिलीशी उभं राहा, मळी काढायला काय टाकतात ते बघा. भेंडीच्या झाडाचा चिकट रस वापरणारे अजून आहेत. वर्षाचा गूळ मी तसाच बघून घेते.

बाकीच्या चुका, थोडक्यात

घाण्याचं तेल आणलं म्हणून तळण वाढवू नका. तेल कुठलंही असो, ग्रॅमला नऊ कॅलरी ठरलेल्याच. शिवाय लाकडी घाण्याचं शेंगतेल रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं, ते फोडणीला आणि भाजीला उत्तम. चौघांच्या घराला महिन्याला दोन-तीन लिटर तेल पुरतं. मी महिन्याचं तेल मोजून वेगळ्या बरणीत काढते आणि ती संपली की नवी उघडत नाही.

सैंधव मिठात सहसा पुरेसं आयोडीन नसतं. रोजच्या जेवणाला आयोडीनयुक्त मीठच ठेवा आणि तेही माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, लोणचं, पापड, भडंग धरून.

अकरा धान्यांचं मिश्र पीठ दळून मागणाऱ्यांना मी परत पाठवते. चपाती वातड होते, कशाचीच चव कळत नाही आणि पोट बिघडलं तर नेमकं कशानं बिघडलं हेही कळत नाही. एका वेळी एकच नवं धान्य घ्या.

चिया, किन्वा आणायच्या आधी आपल्याच दुकानातलं जवस, कारळं, हुलगा, मटकी, कोरेगावचा वाघ्या घेवडा विचारा. जवसाची चटणी केली तर घरातली आजीसुद्धा आवडीनं खाते, तिला काही नवं शिकवावं लागत नाही.

फळ चावून खा, रस काढू नका.

जेवणावर लगेच चहा नको. भाजी-भाकरीतलं लोह नीट अंगी लागत नाही.

मुलांशी खोटं बोलू नका. नाचणीच्या पिठात कोको घालून ‘चॉकलेट केक’ म्हणून खपवला, की पुढं ताटातल्या प्रत्येक पदार्थाचा त्यांना संशय येतो. नाचणीत शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतं, वाढत्या मुलांना ती हवीच. ती नाचणी म्हणूनच द्या. उन्हाळ्यात ताकातली आंबील, जिरं-लसूण घातलेली, थंडीत तुपावर भाजलेल्या पिठाचे लाडू, त्यातही गूळ हात राखून. मुलांनी नको म्हटलं तर आठ दिवसांनी परत करा, ताटात दोन घास वाढा आणि गप्प बसा. शाळेच्या डब्याला हात सगळ्यात शेवटी लावायचा, कारण तिथं मूल चार मित्रांसमोर जेवत असतं.